झाड काढलं तेव्हा

बुधवारी रात्री कुणीतरी झाड काढलं.
रुवीत, होंडा रोडवर, माझ्या टायपिंग सेंटरच्या
दोन्ही पडद्यांवर गुरुवारी सकाळी
खजुराच्या जागी एक हिरवी तिरकी रेघ,
आणि खाली पांढरं, नुसतं पांढरं,
भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखं.

पैसे पाठवायची साइट. तिचं खरं नाव लांबलचक,
कुणी घेत नाही. सगळे म्हणत झाड.
झाडावरून पाठवले. झाड आज बंद आहे.
झाडाखाली दाब, मग उजवीकडे होडी.
होडी म्हणजे परदेश, घर म्हणजे इथल्या इथे.
आता होडीही नाही. तीन ठिपके आहेत.
ठिपक्यांच्या पोटात होडी आहे, हे मला
दुपारी साडेबाराला कळलं.

तोवर उन्हाची सुट्टी झाली होती.
टेकबहादूर परातीवरून थेट आला, हेल्मेट काखेत,
म्हणाला, भैया, हे चोरांचं आहे, माझं दुसरं होतं.
नर्स रोवेनाला रंग आवडला,
पासवर्ड विचारायची पद्धत मात्र उर्मट वाटली.
आणि आंजर्ल्याचे दाऊद मुकादम,
बत्तीस वर्षं पाण्याचा टँकर, दारातूनच:
"अरे, मालकानं रात्रीत जिना हलवला
तर सकाळी माणूस पडल का नाय?"
मग खुर्चीत बसले, आणि खरंच पडल्यासारखे
गुडघा चोळत राहिले.

मी दर वाढवला नाही. तीनशे बैसा होते, तीनशेच घेतले.
पण रांग झेरॉक्सवाल्याच्या पायरीपर्यंत गेली,
हे सांगायला हवं.
त्या तीन आठवड्यांत मी एसीची गळती काढून घेतली,
मुलीच्या फीचा हप्ता एकरकमी भरला,
आणि तोंडानं सगळ्यांच्या बरोबरीनं
त्या झाड तोडणाऱ्याला शिव्या घातल्या.

यादम्माला वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.
नऊ वर्षं ती आपली आपण पाठवत होती.
बोटाला शिकवलं होतं तिनं:
झाड, होडी, मोठं पिवळं, थांब, दोनदा.
मिसळणाच्या डब्यात हळद कुठे,
हे काय कुणी वाचून घेतं?
काउंटरच्या काचेवर, जिथे काहीच नव्हतं,
ती दाबून दाबून दाखवत होती:
इथं होतं. इथं.

वर एक ओळ आली होती, ती मी तिला
माझ्या मोडक्या हिंदीत वाचून दाखवली,
की हे सगळं तुमच्या सोयीसाठी.
तिनं दुकानात आजूबाजूला पाहिलं.
"किसके?"

घरून मालनचा फोन: पैसे आले म्हणे,
पण मेसेजात झाड नव्हतं,
म्हणून दोनदा बँकेत जाऊन विचारून आले.
रिक्षाचे ऐंशी गेले ते वेगळेच.

पुढे काय, माणसं शिकतात.
टेकबहादूरनं एक दिवस मलाच दाखवलं,
डावीकडे सरकवलं की ठिपके लागतच नाहीत.
मी पैसे घ्यायच्या जागी चहाचे दिले.
रांग आटली. झेरॉक्सवाला म्हणाला, वारा लागतो आता.

ऑक्टोबरात झाड परत आलं. तक्रारी फार झाल्या असणार.
एका कोपऱ्यात, इवलंसं, अंग चोरून,
चूक कबूल न करता परतलेल्या माणसासारखं.
दाऊदभाई दुसऱ्याच दिवशी तावातावात:
"आता हे कशाला? सवय झालेली ना!"

यादम्मा आली नाही.
वादी कबीरच्या बसथांब्यावर दिसली,
फोन छातीशी, पदराच्या आडोशाला.
बोट आधी जुन्या जागी गेलं,
तिथं अधांतरी थांबलं जरासं,
मग ठिपके, मग होडी. दोनदा.
कोपऱ्यातल्या झाडाकडे तिनं पाहिलंही नाही.

मी हाक मारली नाही.
तीनशे बैसा गेले, हे डोक्यात आलंच,
खोटं कशाला बोलू.