दोरे आणायला

सासूला सांगितलं, जळगावला जाते, दोरे आणायला.
यावलात काय दोरे मिळत नाहीत?
मिळतात. पण तो फिरोजी नाही मिळत.
तिनं कमरेच्या बटव्यातून शंभराची नोट काढली
आणि माझ्याकडं न बघता दिली.

नवाज तेव्हा चार महिन्यांचा.
तो मांडीवर रडायचा
आणि मला ते शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू यायचं,
इतकी मी लांब होते.
हवा लागली, म्हणाले. तिन्हीसांजेला केळीतून आली असेल.
एक तावीज गळ्यात, एक उशीखाली,
फुंकलेलं पाणी तांब्यात.
नणंद म्हणाली, नमाज नीट पढत नसशील.
पढत होते.
सजद्यात डोकं टेकलं की उचलावंसं वाटत नव्हतं,
एवढंच.

एसटीत खिडकीशी बसले.
तापीचा पूल आला तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतले.
का मिटले, ते नंतर फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

सिव्हिलमध्ये चौदा नंबरची खोली, बाहेर लाकडी बाक.
नकाब वर ओढला, डोळे तेवढे उरले.
शेजारी आणखी एक बुरखा.
त्यातून आलेल्या हातावर, अंगठ्याजवळ,
शाईचा जुना निळा डाग.
तो डाग मी ओळखते.
त्या हातानं मला अलिफ गिरवायला शिकवलं,
त्या हाताची छडीही खाल्लीय.
शमशाद आपा!
दोघी इतक्या लांब आलो होतो
एकमेकींपासून लपायला.

आपा जराशा सरकल्या. बस. अजून नऊ जण आहेत.
मग बऱ्याच वेळानं,
सहा वर्षं झाली मला. रात्री ईशानंतर एक गोळी.
मी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणाल्या,
याकूब नबी लेकासाठी रडून रडून आंधळे झाले,
त्यांचं ईमान कच्चं होतं का गं?
आणि तुझ्या दिराच्या केळीवर करपा पडला,
तेव्हा फवारा मारला ना त्यानं?
की बागेला म्हणाला, तूच दुआ नीट मागत नाहीस?
मी हसले. आवाज करून.
नर्सनं डोळे वटारले.

आता दर जुमेरातीला असरनंतर
मदरशाच्या मागच्या खोलीत बसतो आम्ही,
फाटक्या चटया, बंद पडलेला कूलर.
रुबाबबाई तडवी येते, तिचा लेक सुरतेहून परतला नाही.
ती बोलत नाही, शेंगा सोलत राहते.
भारंबेकाकू भांडं परत द्यायला म्हणून येतात
आणि तासभर उठत नाहीत.
जिचं फारच बिनसलंय, तिला आपा स्वतः एसटीत बसवतात,
स्वतः शेजारी बसतात.
नियम एकच. कुणी कुणाला ‘सबर कर’ म्हणायचं नाही.
सबर ज्याचा त्यानं करायचा असतो,
दुसऱ्याला वाटायचा नसतो.

आपा तलबिना करतात, जवाचं पीठ, दूध, चमचाभर मध.
रसूल सांगून गेलेत, दुःखी काळजाला यानं आराम पडतो.
जव आणायला मी गेले.
वाणी म्हणाला, होमाला का?
म्हटलं, मनाला.
त्यानं मापावर आणखी एक मूठ टाकली.

सगळेच दिवस धड जात नाहीत.
मंगळवारी भाकरी करपली, नवाजला धपाटा घातला,
मग दोघं मायलेक चुलीपुढं रडलो.
उशीखाली तावीज अजून आहे, सासूचा.
त्याच्याशेजारी गोळ्यांची पट्टी.
भांडत नाहीत दोघं.

दर महिन्याला जळगावला जाते,
म्हणून दर महिन्याला एक रीळ आणावंच लागतं.
पेटी भरलीय. शिवायला कापड नाही.

काल रात्री सासू ती पेटी उघडून बसलेली.
एकेक रीळ उजेडाशी धरून बघत होती.
फिरोजीच चार निघाले.
वाटलं, आता विचारणार.
तिनं झाकण लावलं. म्हणाली,
अडीचला जाग येते मला,
मग फजरपर्यंत छताचे वासे मोजते.
तुझ्या त्या दोऱ्याच्या दुकानात
म्हाताऱ्यांना पण घेतात का व?