ला

मुहर्रकात सार्वमत आहे. मला मत नाही,
मशीन आहे.

सकाळी ‘नअम’वाले येतात, हलव्याचा डबा घेऊन:
त्यांचा बॅनर किती फुटांचा?
आमचा दोन फूट जास्त.
संध्याकाळी ‘ला’वाले. गहवा, खजूर.
तोच प्रश्न. आणखी चार फूट.
बु राशिद दोघांनाही हबीबी म्हणतो, ॲडव्हान्स घेतो.

नअम म्हणजे हो. ला म्हणजे नाही.
रात्रपाळीत ते एकच अक्षर
तीनशे वेळा बाहेर पडतं
आणि माझ्या राजापुरी जिभेला वाटतं,
शब्दाचं डोकं उडालंय, नुसता प्रत्यय उरलाय:
कुणाला?

निकाल लागला.
कुंजुमोननं उरलेलं नअम एसीच्या गळतीखाली अंथरलं.
ला मी खिडकीला लावला.
दुपारी खोली जरा लाल होते.