सत्तेचाळीस लिटर

अकरावी सायन्स, शेवटचा बाक.
इर्शाद शिकलगार उभा राहतो,
मनगटावर ग्रीसचा डाग, सकाळचाच असावा.
“मॅडम, असा वायू कुठंच नसतो म्हणता,
मग शिकायचा कशापायी?”

वर्ग हसतो. मलाही हसू येतं.
प्रश्न रास्त आहे.
फळ्यावर लिहिलाय तो वायू म्हणजे
ज्याच्या रेणूंना अंग नाही,
एकमेकांची ओढ नाही,
भिंतीवर आपटायचं, परत फिरायचं,
ना सोयर ना सुतक.
आणि हे शिकवायचं कोल्हापुरात,
जिथं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी
विचारतात, कुणापैकी तू?

तास संपायला बारा मिनिटं आहेत.
त्या रात्रीचं मी वर्गात सांगत नाही.

आप्पांच्या खाटेशी टाकी उभी होती,
काळी, खांदे पांढरे,
काटा शंभरावर.
भाऊ शिरोलीला डेपोच्या रांगेत,
त्याचा फोन बंद.
सिस्टर म्हणाल्या, पुरेल हो.
पुरेल म्हणजे किती?

औषधाच्या पावतीच्या पाठीवर मी मांडलं:
टाकी सत्तेचाळीस लिटरची,
दाब शंभर पट,
चार हजार सातशे.
मिनिटाला पाच.
नऊशे चाळीस मिनिटं.
रात्रीचे अकरा वाजले होते,
म्हणजे उद्या दुपारचे दोन चाळीस.
पेन खाली ठेवलं तेव्हा कळलं,
इतका वेळ मी श्वास मोजून घेत होते.

रेणूंना अंग असतं, मला ठाऊक होतं.
त्यांना ओढ असते, तेही.
दोन्ही दुरुस्त्या पाठ होत्या,
वीस वर्षं शिकवतेय,
पण त्यातले स्थिरांक कुणाच्या पर्समध्ये असतात?
एवढं मात्र आठवलं,
या दाबाला प्राणवायूची ओढ वरचढ ठरते,
टाकीत हिशेबापेक्षा थोडा जास्तच मावतो,
शेकडा चारेक.
चूक होतीच,
पण आप्पांच्या बाजूला झुकलेली.
मी ती पदरात घेतली
आणि बाकड्यावर बसून
कळशीभर नाही, पण पेलाभर झोपले.

भाऊ आला सव्वाचारला,
दुसरी टाकी रिक्षात आडवी घालून,
तिच्यावर स्वतः आडवा पडून.

पण इर्शादला अर्धंच सांगून कसं चालेल?
म्हणून मी पापाच्या तिकटीकडं वळते,
हुपऱ्यांच्या सोड्याच्या दुकानात.
तिथल्या टाकीचा काटा बघ.
हिवाळ्यात सोमवारी साठ,
मंगळवारी साठ,
शनिवारी गिऱ्हाइकांची रीघ, तरी साठच.
आणि मग एका संध्याकाळी
थोड्याच बाटल्यांत खाली, खाली, शून्य.
आत वायू नव्हताच सगळा,
तळाशी पाणी होऊन बसला होता,
गर्दीत ओढीला जागा मिळाली की असंच होतं.
हुपरे काट्याकडं बघतच नाहीत,
टाकी उचलून तराजूवर ठेवतात.
त्यांना फळ्यावरचं सूत्र दिलंस
तर भर लग्नसराईत तोंडघशी पडतील.

“मग खोटंच की ते, मॅडम.”

खोटं म्हणू नकोस.
खोट्याला आपली वेस माहीत नसते.
याला माहीत आहे.
दाब बेताचा, ऊब पुरेशी,
तिथवर बिनधास्त चालतं,
पुढं गेलं की आपणच
त्याच्या खिशात दुरुस्त्यांची चिल्लर घालायची,
आणि तराजू जवळ ठेवायचा.

इर्शाद गप्प. खाली बसत नाही.
मग म्हणतो, “अब्बा काटा बघूनच सांगत्यात,
उद्यमनगरात सगळेच सांगत्यात,
एवढ्या गॅसात दोन गेट हुतील.”

होतात का दोन?

“कधी सव्वादोन झाली.
कधी नळी गळती असली की कमी.
पण ती चूक नळीची, काट्याची न्हाई.”

घंटा होते.
फळा पुसायला डस्टर उचलते
आणि एक ओळ तशीच ठेवते,
पुढचा तास मराठीचा आहे,
बाई पुसतील हवं तर.