रकाना सातवा

उत्तरे कशी लिहिणार?
हाताने. संगणकावर.
दोन गोल, त्यातला एकच भरायचा.
शेवटची तारीख शुक्रवार.

कोर्ट नाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या ताडपत्रीखाली
अठरा वर्षं माझं टेबल आहे.
आधी मशीन होतं, त्याचा 'ळ' वर उडायचा,
त्यामुळे कळव्याची, बाळकुमची सगळी माणसं
माझ्या कागदांवर जमिनीपासून जरा सुटलेली.
आता लॅपटॉप. प्रिंटर भाच्याचा.
चाळीसच्या वेगाची परीक्षा दिली होती कधीतरी,
हल्ली वेग मोजत नाही.
सकाळी साडेसातला लॉ कॉलेज, अकराला टेबल,
अशी तीन वर्षं काढली, आणि आता हा फॉर्म.

ओजस म्हणतो, आई, यात विचार कसला?
पोरांचे हात तीन तासांत गळून पडतात,
तू झोपेतही टाइप करशील.
तळपदे वकील म्हणाले, बाई,
हाताने हल्ली डॉक्टरसुद्धा लिहीत नाहीत.

खरं आहे.
माझं अक्षर मी शेवटचं पाहिलं
ते कॅलेंडरवर, गॅसच्या नंबरात.
काल एक पान लिहून बघितलं, 'करार म्हणजे काय'.
तिसऱ्या ओळीला अंगठा भरून आला,
पाचव्या ओळीपासून अक्षरं उताराला लागली.

पण एक मी विसरूनच गेले होते.
मशीनवर प्रत्येक अक्षर
आपल्यापुरतं छप्पर डोक्यावर घेऊन येतं.
हाताने लिहिलेला शब्द आधी उघड्यावर उभा राहतो,
काना, मात्रा, वेलांटी, सगळं झालं
की मग आपण वरून रेघ ओढतो.
मध्ये तेवढा वेळ असतो.

बाळकुमची चांगुणा मढवी.
हक्कसोडपत्र. मागे दोन भाऊ उभे.
मी मोठ्याने म्हणत टाइप करत होते
कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने,
आणि ती वाकून हळूच म्हणाली,
बाय, यो सबूद नको टाकूस.

माझी बोटं तोवर पुढच्या ओळीत गेली होती.
धाकटा म्हणाला, मसुदा ठरलेला आहे.
पान बदलायचे वीस रुपये जास्त, ते देणार कोण.
पेन होतं माझ्याकडे, अंबाड्यात खोचलेलं.
शब्दावर एक आडवी रेघ, शेजारी तिचा अंगठा,
एवढं कायद्यातही बसत होतं.
मला तेव्हा कायदा येत नव्हता,
असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं.
तिने अंगठा उठवला खाली, सांगितलेल्या जागी.
शाई पुसायला चिंधी मीच दिली.

मुक्त संमतीवर प्रश्न हमखास येतो.
दहा गुणांचा.
संगणकावर एखादा शब्द काढला
तर तो कधी नव्हताच असं होतं.
कागदावर खोडलेला शब्द खोडलेला दिसतो,
तपासणाऱ्याला वाटलं तर वाचताही येतो.

गुरुवारी रात्री फॉर्म भरला. बोटांनीच.
सातव्या रकान्यात पहिला गोल.
ओजस म्हणाला, शेवटचा प्रश्न राहील तुझा.
राहील.
दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरून दोन पेनं आणली,
त्यातलं एक गळतं.

आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की
जुन्या मसुद्यांच्या पाठीवर लिहीत बसते.
मधल्या बोटाला घट्टा पडायला लागलाय.
'स्वखुशीने' अजून नीट येत नाही,
'ख'मध्ये हात अडतो.

आज तो लिहून झाला होता, रेघ द्यायची होती,
तेवढ्यात एकजण आला. भाडेकरार, दोन प्रती.
सोबत म्हातारी घरमालकीण, कापडी पिशवी छातीशी धरून.
म्हटलं, बसा मावशी, आधी वाचून दाखवते.
तो घड्याळ बघायला लागला.