बैसा

इथे पैशाला बैसा म्हणतात.
पहिल्या दिवशी वाटलं, जुन्या पोथीतलं कुणी
आदराने सांगतंय : बैसा.
बसायला मिळालं नाही. नऊ वर्षं उभा आहे
रुवीच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीच्या टेबलाशी,
डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन.

बिल मंगळवारी आलं.
एक पांढरा दिशदाशा, गळ्याखाली डाग,
होडीच्या आकाराचा, तपकिरी.
रियाल पंधरा. खाली शिक्का, वर माझं नाव :
गोविलकरचं गोफिलकर झालेलं.
इस्त्रीचं बटण बिघडलंय, हे मी तीनदा सांगितलं होतं,
तिसऱ्यांदा तर मनगटावरचा फोड दाखवून.
अरबाब म्हणाला होता, बुकरा. उद्या.
इस्त्री काही उद्यापर्यंत थांबली नाही.

पगार बँकेत जमा होतो, त्याला परस्पर कात्री लावता येत नाही,
तसा कायदा आहे म्हणतात.
म्हणून दंड रोख. गुरुवारच्या आत. हातात.

हातात, तर हातात.

माझ्या खाटेखाली दूध पावडरचा डबा होता.
लोक खिसे न तपासता कपडे टाकतात.
मशीन फिरू लागली की आतून आवाज येतो,
पाच बैशाचा वेगळा, पन्नासचा वेगळा,
मला न बघता कळतो.
आधी मी कागदात बांधून शर्टाला टाचून द्यायचो.
गिऱ्हाईक हसायचं : खल्ली वल्ली, राहू दे.
नऊ वर्षांच्या खल्ली वल्लीने डबा गळ्यापर्यंत आला.
इतकी धुतलेली नाणी, की काहींवरचा खंजीर पुसट झालेला.

गुरुवारी दुपारी डबा उचलला,
अरबाबच्या टेबलावर नेऊन ओतायचा, असं रात्रभर घोकलं होतं.
तो आवाज त्याने ऐकावा, एवढंच.
एकेक नाणं त्याने स्वतःच्या बोटांनी मोजावं.

अरबाब सलालाला गेलेला.
टेबलाशी जोमोन, हिशेबनीस,
टिफिन नुकताच बंद करून हात पुसत असलेला.

ओतलं.
थांबता येईना, घोकलेलं होतं ना.

जोमोन काही बोलला नाही. चष्मा लावला.
पंचवीसचे चाळीस म्हणजे एक रियाल,
अशा चळती लावू लागला.
सातव्या चळतीला फोन वाजला,
तिकडून कुणी मुलगी परीक्षेच्या फीबद्दल विचारत होती,
मल्याळम मला येत नाही, पण फी कळते.
फोन ठेवला आणि आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून.
असरची बांग झाली. त्याची साडेचारची बस
काचेपलीकडून गेली, आम्ही दोघांनी पाहिली.

तेव्हा त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं.
आणि मी बसलो.

पाच-पाच, दहा-दहा मी वेगळे केले,
पंचवीस त्याने. त्याची बोटं काळी झाली नाहीत,
हे त्याच्याही लक्षात आलं. वास घेतला.
"साबण," म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

एक नाणं निघालं आपल्याकडचं, चार आण्याचं.
"चालणार नाही," तो म्हणाला.
तिकडेही चालत नाही, मी म्हणालो.
नेमके तेवढ्यानेच पंधरा रियाल अपुरे पडत होते.
त्याने स्वतःचा खिसा चाचपला,
काहीतरी टाकलं, किती ते मी पाहिलं नाही.
पावतीवर लिहिलं : पूर्ण.

महिना उलटला. बटण तसंच आहे,
मी आता ओलं फडकं मध्ये घालतो.
काल ओव्हरटाइमचं पाकीट मिळालं, तोही रोख असतो.
जड लागलं. टेबलावर उपडं केलं.

खंजीर पुसट झालेले ते सगळे परत आले होते,
सोबत जोमोनची चिठ्ठी, हिंदीत, चुकीच्या मात्रांची :
अरबाब बोला यही देना. गिन लेना.

मोजले नाहीत. डबा खाटेखालीच होता.