पाऊण इंच

दस्तगीर मास्तर म्हणाले, "जीन्स घरात हुत न्हाई, ताई.
त्याला फॅक्टरी लागती. तुमी आपला ड्रेस शिवा."
पण माझ्या हातातलं कापड चिमटीत धरलं ते
बराच वेळ सोडलं नाही.

कापडपेठेत, गठ्ठ्याच्या तळाशी दबलेला
अडीच मीटरचा तुकडा, किलोवर विकतात तसला.
रात्रभर बादलीत भिजवला.
सकाळी पाणी दौतीतल्या शाईसारखं
आणि माझी नखं दिवसभर बँकेत निळी.
पैसे भरायला आलेल्या माणसाने विचारलं,
मतदान कधी झालं हो?

मशीन बुधगावच्या बचत गटाचं.
पिशव्या शिवायच्या बायका; गट मोडला, मशीन उरलं.
जाडंभरडं पचवलेलं.
सुरू होताना एकदा दम खातं,
मग ऐकत नाही.

मापं मी एकटीने घेतली, दार लावून.
कंबर चौतीस. घेर बेचाळीस.
आकडे पेपरच्या कडेला लिहिले, हळदीच्या भावाशेजारी.
तिथे क्विंटलचे, इथे इंचाचे,
लाजायचं कुणी कुणाला.
मग पाय.
डावा अडतीस.
उजवा सव्वासदतीस.

सातवीत चिंचेवरून पडले.
मिरजेला दीड महिना प्लास्टर. हाड जुळलं,
पण आपल्या मनाने.
पाऊण इंच कुठे राहिला, कुणी विचारलं नाही,
प्लास्टर कापताना आई मोजत होती ती बिलं.
तेव्हापासून प्रत्येक पॅंटचा उजवा काठ चपलेखाली,
तिथेच आधी झिजायचा.
दुकानातली मुलगी आरशासमोर म्हणायची,
सरळ उभ्या राहा ना, मॅडम.
मी सरळच उभी असायचे.

कापड दुहेरी घालून कात्री एकदाच मारतात,
दोन्ही पाय एका दमात, जुळे.
मीही दुहेरी घातलं. खडूने आखलं.
कात्री उचलली,
आणि ठेवली.
चहा केला. प्यायला विसरले.
मग घडी उलगडून कापड अख्ख्या हॉलभर पसरलं,
सोफा भिंतीला,
डाव्यासाठी वेगळा कागद, उजव्यासाठी वेगळा,
वर मोठ्या अक्षरात लिहिलं: डावा. उजवा.
पहिल्यांदाच कुणीतरी दोघांना
वेगवेगळ्या नावांनी हाक मारली.

सोळा नंबरची सुई जांघेच्या जोडाला मोडली.
अठराचीही.
सगळ्या शिवणी जिथे येऊन भेटतात
तिथे कापडाचे आठ थर होतात, सुई शिरत नाही.
खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि ठोकलं.
खालच्या बिरनाळेबाई वर आल्या.
"वेलदोडे कुटताय?"
म्हटलं, हो.

चेन दोनदा उसवली. तिसऱ्यांदाही
उलट्या बाजूला बसली, राहू दिली.
खिशाला अस्तर रेवतीच्या जुन्या गणवेशाचं,
खोली चांगली मनगटापर्यंत;
रिकामाच हात घालून मी घरभर फिरले,
ओट्यापासून गॅलरीपर्यंत, उगाच.
आणि वरच्या टिपेचा दोरा पिवळा,
मार्केट यार्डाकडून वारा आला की
सगळी आळी शिंकते, त्या पिवळ्याचा.

रविवारी घालून मिरजेला गेले.
मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"चाला," म्हणाले.
कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेले, परत आले.
ते खाली बघत होते.
दोन्ही काठ जमिनीपासून बोटभर वर.
मी वाट बघत राहिले,
तीस वर्षांची सवय,
आता म्हणतील, आता.

"मागच्या डाव्या खिशाची टीप वाकडी आलीया."
"अजून काही?"
"अजून काय असंल?"
मग स्टूल पुढे सरकवलं.
"बसा. सुई कुटली वापरली?"