सव्वाबावीस इंच

नियमपत्रिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय,
दुचाकीचं हेल्मेट चालणार नाही.
खुंटीवर माझं लाल हेल्मेट होतं,
सहा वर्षं मिरज ते कुपवाड, फर्स्ट शिफ्ट, पाऊसपाणी.
मी पान उलटून ठेवलं, त्यानं वाचू नये असं.

फरक सांगितला संग्राम थोरवतनं,
माझ्या जुन्या झेनमध्ये पिंजरा वेल्ड करता करता:
"गाडीवरनं माणूस पडतो तो रस्त्यावर.
तुझं डोकं ह्या पाइपावर आपटणार,
परत आपटणार, तिथंच.
आणि आतलं कापड पेटलं, तर?"
मग तोच म्हणाला, मेव्हण्याचं एक आहे, अर्ध्या किमतीत,
शर्यतीचंच आहे,
फक्त एकदा जिन्यावरनं पडलंय.

अंकलीच्या फाट्यावर हेल्मेटं मांडून बसलेला पोरगा
त्याहून प्रामाणिक निघाला.
खिशातून स्टिकरची गुंडाळी काढून म्हणाला,
"कुठला शिक्का पाहिजे, ताई? लावून देतो."

शेवटी पुण्याहून मागवलं. फोनवरच.
साइज विचारला तेव्हा म्हटलं, लार्ज द्या,
केस जाड आहेत माझे.

खोकं उघडलं ते अब्बांच्या कारखान्यात,
वर आढ्याला भीमाकाठचे भोपळे टांगलेले,
खाली लाखेचा वास, तुणीचा भुसा.
अस्तर बोटानं सरकवलं तर आत, फेसाला चिकटलेलं,
स्नेलचं लेबल. अक्षरं दोन, एस आणि ए. पुढं साल.
साल चालू होतं. मी तीनदा वाचलं.

अब्बांनी हात पुसले, हेल्मेट मांडीवर घेतलं
आणि बोटाच्या पेरानं वाजवलं,
जसा भोपळा वाजवतात, कान जवळ नेऊन,
चाळीस वर्षं.
परत वाजवलं. बाजूनं. खालून.
"मुकंच आहे की गं हे."
मुकंच पाहिजे, अब्बा. मार गिळायचाय त्याला.
"मग आत तडा गेलेला कळणार कसा?"
कळत नाही. म्हणून पडलेलं घ्यायचं नाही, दुसऱ्याचंही नाही.
ते गप्प बसले बराच वेळ.
ज्या वस्तूचा तडा कानाला लागत नाही
तिच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय,
हे त्यांना माझ्याकडून शिकायला लागत होतं
आणि मला ते येत नव्हतं नीट.

"घाल बघू."
घातलं. वरून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.
हवेशीर वाटत होतं, छान वाटत होतं.
त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, मान हलव.
मी मान हलवली. हेल्मेट जागेवरच राहिलं.
त्यांच्या हातात, बघत समोर,
आणि आत माझं डोकं डावीकडे, उजवीकडे,
सुकलेल्या भोपळ्यातल्या बीसारखं.

"कागद खरा आहे," अब्बा म्हणाले, "माप खोटं आहे."

मग फळीवरनं त्यांचा फितीचा गुंडा काढला,
कापडी, आकडे पुसट, सगळे इंचातले.
भुवईच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून,
मागच्या फुगीर भागाला वळसा.
लहानपणी ईदच्या फ्रॉकचं मापसुद्धा
त्यांनी शिंप्यावर सोपवलं होतं.
आज पहिल्यांदाच हात इतके सावकाश.
"केस दाबून धर. खरं डोकं कुठंय तुझं?"

म्हणजे मीडियम. गाल दबले पाहिजेत,
कपाळावर लाल वळ नको, तासभर घालून बघायचं,
हे मी फोनवर दुकानदाराला सांगत होते,
बदलून द्या म्हणत होते, पट्टी बांधत होते खोक्याला.

भिंतीवर, जिथं ते गिऱ्हाइकांच्या भोपळ्यांचे घेर लिहितात,
धारवाड, तंबोरा, चोपन्न,
इचलकरंजी, सतार, अडतीस,
त्याखाली पेन्सिलीनं, कोपरा वाकवून लिहिलेलं:
नसीमा, सव्वाबावीस.
वाद्याच्या रकान्यात काय लिहावं
ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.